अनुभवी इलेक्ट्रिशियनसाठीचे जलद पात्रता प्रशिक्षण : १९ वर्षांच्या कामानंतर घेतलेली परीक्षा

मी गेली १९ वर्षे वायरिंगची कामे करतो आहे. त्यातली पहिली ७ वर्षे एका जाणत्या मिस्त्रींच्या हाताखाली गेली आणि नंतरची सगळी स्वतःच्या जबाबदारीवर. घरे, दुकाने, लहान कारखाने, पंप, पॅनेल अशी सगळ्या तऱ्हेची कामे हातून झाली. परंतु त्याच कामाच्या चाचणी-अहवालावर सही करायची वेळ आली, की दुसऱ्या कोणाला तरी बोलवावे लागे, कारण पात्रतेचे प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हते. आपण महिनाभर राबून उभे केलेले काम दुसरा माणूस अर्ध्या तासात वरवर पाहतो आणि सही करून जातो, ही गोष्ट मला अनेक वर्षे खुपत होती. म्हणून अनुभवी कारागिरांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका जलद पात्रता अभ्यासक्रमात मी नाव घातले आणि तो पूर्ण केला. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. अशा प्रशिक्षणात काय मिळते, कशाची उणीव राहते आणि कोणी त्यात उतरावे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलाला शिकाऊ उमेदवारीची काही वर्षे काढावी लागतात. जलद अभ्यासक्रमात ती वर्षे तुम्ही आधीच काढलेली आहेत असे धरले जाते, आणि त्या वर्षांत तुम्ही नेमके काय शिकलात व काय शिकायचे राहून गेले याची पडताळणी होते. त्यामुळे वेग येतो तो तुमच्या मागच्या कामातून. वर्गात कोणी तुम्हाला घाईघाईने वायरमन बनवत नाही. माझा अभ्यासक्रम १४ आठवड्यांचा होता : आरंभी कौशल्यांची पडताळणी, मग सुट्टीच्या दिवशी सिद्धान्ताचे वर्ग, सलग ५ दिवसांची कार्यशाळा, प्रत्यक्ष कामावर येऊन केलेली दोन निरीक्षणे, कामाच्या पुराव्यांची फाइल आणि सर्वांत शेवटी २ दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा.

कौशल्यांच्या पडताळणीचा तक्ता कित्येक पानांचा होता. प्रत्येक ओळीपुढे ‘स्वतः केले’, ‘मदतीने केले’ किंवा ‘कधी केले नाही’ यांपैकी एक खूण करायची होती. मी जवळजवळ सगळीकडे ‘स्वतः केले’ अशी खूण केली आणि ती खोटी नव्हती. त्यानंतर मूल्यमापकांनी तो तक्ता समोर ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “याचा पुरावा काय आहे तुमच्याकडे?” तेव्हा पहिल्या १० ओळींपैकी फक्त ३ ओळींसाठी माझ्याजवळ दाखवण्याजोगे काही निघाले.

पुराव्यांच्या फाइलीविषयी मी सविस्तर लिहितो, कारण या अभ्यासक्रमात माणसे अडतात ती बहुतेक इथेच. एखाद्या कामाचा पुरावा म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीचा, चालू असतानाचा आणि संपल्यानंतरचा फोटो, सर्किटांचा आराखडा, चाचणीत आलेले आकडे, वापरलेल्या मालाची नोंद आणि ते काम तुम्हीच केले असे लिहून देणाऱ्या जबाबदार व्यक्तीची सही. भिंतीत गेलेल्या पाइपाचा फोटो प्लास्टर झाल्यावर काढता येत नाही. माझ्या हातून बांधल्या गेलेल्या शेकडो वितरण पेट्या आजही बिनतक्रार चालू आहेत, पण त्यांचा माझ्याशी असलेला संबंध दाखवणारा एकही कागद माझ्यापाशी नव्हता. शेवटी तीन जुन्या ग्राहकांच्या घरी जाऊन, त्यांची परवानगी घेऊन, मी माझ्याच पेट्या पुन्हा उघडल्या, सर्व चाचण्या नव्याने घेतल्या आणि आकडे लिहून काढले. एका पेटीत न्यूट्रल पट्टीवरचा एक स्क्रू सैल झालेला सापडला आणि त्याखालच्या वायरीचे आवरण टोकाशी तपकिरी पडलेले होते. जोड सैल झाला की तेथील रोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे भार दुप्पट झाला तर त्या जोडावरची उष्णता चौपट होते. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरीही काम सोपवून झाल्यावर काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते. पुराव्यासाठी म्हणून केलेल्या त्या फेरीने एक संभाव्य आग टळली, असे मी मानतो.

याच बाबतीत संस्थेचे मार्गदर्शन तोकडे पडले. फाइल कशी असावी याची छापील सूचनापत्रे मिळाली, परंतु एका चांगल्या फाइलीचा नमुना कोणी दाखवला नाही. माझी पहिली फाइल परत आली तेव्हा तिच्यावर ‘पुरावा अपुरा’ एवढाच शेरा होता. काय अपुरे आहे हे समजून घेण्यासाठी मला दोनदा फोन करावा लागला, आणि मगच कळले की फोटोंत काम दिसत होते, पण ते करणारा मी कुठेच दिसत नव्हतो. हे आधी सांगितले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते.

सिद्धान्ताचे वर्ग मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगले निघाले. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीचची आणि एसीला चारची वायर ओढायची, हा आमचा पिढीजात हिशेब आहे आणि साध्या घरात तो निभावतोही. प्रशिक्षकांनी फळ्यावर तोच हिशेब तपासायला घेतला. २.५ चौरस मिलिमीटरची, पीव्हीसी आवरणाची, तांब्याची वायर भिंतीवरील पाइपातून एकाच सर्किटासाठी नेली आणि हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस असले, तर आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कोष्टकानुसार ती सिंगल फेजवर २४ अँपिअर पेलते. त्याच पाइपात एकूण ६ सर्किटे घातली, तर हा आकडा ०.५७ ने गुणायचा. आणि हवा ४० अंशांची असेल, तर पुन्हा ०.८७ ने गुणायचा. हाती उरतात १२ अँपिअरपेक्षाही किंचित कमी. म्हणजे त्या वायरीच्या मागे २० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) बसवला असेल, तर वायर तिच्या मर्यादेपलीकडे तापत राहील आणि एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीकच चाललेले असेल. सगळी सर्किटे एकाच वेळी पूर्ण भारावर क्वचितच असतात, म्हणून इतकी वर्षे निभावले, असे मी म्हणालो. प्रशिक्षकांनी ते मान्य केले. जे सर्किट त्या पाइपातील आपल्या वाट्याच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक प्रवाह कधीच नेणार नाही, ते या मोजणीतून वगळता येते, हेही त्यांनी दाखवले. मात्र तसे वगळायचे असेल तर भार आधी मोजलेला असावा, अंदाजलेला नसावा, असे त्यांनी बजावले. पिढीजात हिशेबाला त्यांनी वेड्यात काढले नाही. तो कोणत्या परिस्थितीपर्यंत चालतो आणि कुठे मोडतो, याची रेघ आखून दिली.

दुसरे उदाहरण एमसीबीचे. मोटार किंवा वेल्डिंग मशिन सुरू होताना बी कर्व्हचा एमसीबी पडतो, ही तक्रार नेहमीची आहे, आणि त्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा सी कर्व्हचा बसवून मोकळे होणे हा तिच्यावरचा नेहमीचा उपाय. मी तो कितीतरी ठिकाणी केला आहे. बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या अंकित प्रवाहाच्या ३ ते ५ पटीत तत्काळ तुटतो आणि सी कर्व्हचा ५ ते १० पटीत. ३२ अँपिअरचा बी प्रकार नक्की तुटण्यासाठी १६० अँपिअर वाहिले पाहिजेत, तर सी प्रकारासाठी ३२० अँपिअर. २३० व्होल्टला या आकड्यांनी भागले, की दोषाच्या वेळी अर्थ लूप इम्पिडन्स, म्हणजे दोषप्रवाह फेजपासून अर्थमार्गे ज्या वाटेने परत जातो तिचा एकूण रोध, किती असलेला चालेल ते कळते : पहिल्यासाठी १.४४ ओहम आणि दुसऱ्यासाठी त्याच्या निम्मा, ०.७२ ओहम. मोजणी गार वायरीवर होते आणि ती ७० अंशांपर्यंत तापली की तांब्याचा रोध सुमारे २० टक्के वाढतो; म्हणून मीटरवर दिसणारा आकडा आणखी कमी, म्हणजे अनुक्रमे १.१५ आणि ०.५७ ओहमच्या आत यायला हवा. ज्या ठिकाणी मी बी काढून सी बसवला, तिथे मी लूप मोजला होता का? नव्हता. एखाद्या ठिकाणी तो १ ओहम असेल, तर यंत्राच्या लोखंडी अंगावर फेज आल्यास जो एमसीबी पूर्वी तत्काळ पडला असता, तो आता कित्येक सेकंद रेंगाळू शकेल, आणि टीएन पद्धतीच्या अर्थिंगमध्ये (जिथे यंत्रांची अंगे वायरीने थेट पुरवठ्याच्या अर्थ केलेल्या बिंदूशी जोडलेली असतात) अशा सर्किटाचा पुरवठा ०.४ सेकंदात तुटायला हवा. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आठवतील तेवढी ठिकाणे वहीत लिहिली आणि पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून मोजून आलो. दोन ठिकाणी अर्थची वायर बदलावी लागली.

कार्यशाळेचे ५ दिवस हा या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग. पहिल्या दिवशी पुरवठा बंद असल्याची खात्री कशी करायची, एवढेच शिकवले गेले, आणि इतक्या वर्षांच्या कारागिरांना हे काय शिकवता, असे आमच्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मुख्य स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, फलक अडकवायचा; मग व्होल्टेज दाखवणारे दोन टोकांचे उपकरण आधी चालू पुरवठ्यावर लावून ते काम करते हे पाहायचे, त्यानंतर बंद केलेल्या ठिकाणी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घ्यायची आणि पुन्हा एकदा ते उपकरण चालू पुरवठ्यावर लावून ते मध्येच बिघडले नाही ना, हे पाहायचे. खिशातला टेस्टर यासाठी चालत नाही. त्याचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी शिडीवर, जाड रबरी तळव्याचे बूट घालून उभे राहिल्यास फेज जिवंत असूनही तो पेटेलच, याचा भरवसा नसतो. आमच्यापैकी ज्येष्ठ असलेल्या एका गृहस्थांनी हे ऐकून शांतपणे सांगितले, की त्यांचा भाऊ याच कारणाने शिडीवरून पडला होता. त्यानंतर त्या दिवशी कोणी घाई केली नाही.

दोष शोधण्याच्या सरावासाठी लाकडी भिंतींवर खऱ्यासारखी वायरिंग केलेली होती आणि प्रत्येकीत प्रशिक्षकांनी एकेक बिघाड लपवला होता. माझ्या वाट्याला आलेल्या भिंतीवर आरसीसीबी, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, पडत होता. मी नेहमीप्रमाणे सगळे एमसीबी खाली केले आणि आरसीसीबी वर केला, तो टिकला. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. हीटरचे सर्किट चालू करताच आरसीसीबी पडला. दोष हीटरच्या सर्किटात आहे, असे मी लिहून दिले. प्रशिक्षकांनी हीटरची वायर सोडवून माझ्या हातात इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर दिला. ५०० व्होल्टवर २०० मेगओहमहून अधिक रोध आला. सर्किट निर्दोष होते.

घडत होते ते असे. दोष दिव्यांच्या सर्किटात होता : तिथे न्यूट्रल अर्थला टेकला होता. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कोठेच भार नव्हता तोवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाबाचा फरक नगण्य होता, म्हणून काही वाहत नव्हते. हीटर चालू होताच परतीचा प्रवाह न्यूट्रल पट्टीवर आला, त्यातला थोडा भाग दिव्यांच्या न्यूट्रलवरून अर्थमध्ये शिरला, ये-जा करणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरहून अधिक फरक पडला आणि आरसीसीबी पडला. दोष एकाचा आणि आळ दुसऱ्यावर. योग्य रीत अशी, की मुख्य पुरवठा बंद करून सगळे न्यूट्रल पट्टीतून सोडवायचे आणि एकेका न्यूट्रलला अर्थशी मेगर लावायचा. चौथ्या वायरीवर काटा शून्याजवळ बसला. छताच्या पेटीतील एका स्क्रूने न्यूट्रलचे आवरण चावले होते. स्क्रू काढल्यावर निळ्या आवरणावर नखाएवढी चीर दिसली आणि आत तांब्याची चमक.

मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा होतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी अगदी याच खुणांवरून गीझर खराब झाल्याचे सांगितले होते. त्यांनी नवा गीझर घेतला, तरी आरसीसीबी पडायचा थांबला नाही, आणि त्यांनी पुढे दुसऱ्या कोणाला बोलावले. त्यांची माफी मी अभ्यासक्रम संपल्यावर प्रत्यक्ष जाऊन मागितली.

आराखडे वाचणे, हत्यारांची निगा, नियमांची लेखी परीक्षा या गोष्टी ठीक झाल्या. त्यांत अनुभवी माणसाला फार अडचण येऊ नये. ज्या विषयाला अधिक वेळ द्यायला हवा होता, तो म्हणजे सौर यंत्रणा आणि वाहनांचे चार्जर. त्यासाठी सगळा मिळून अर्धा दिवस ठेवला होता. एसी प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना पेटलेली ठिणगी विझायला मदत होते. डीसीमध्ये ती संधी नसते, म्हणून एसीचा साधा एमसीबी सौर पॅनेलांच्या बाजूला वापरणे धोक्याचे आहे. तसेच एसी प्रकारच्या आरसीसीबीच्या गाभ्यावर सपाट डीसी गळती आली, तर तो आंधळा होतो आणि खऱ्या दोषाच्या वेळीही पडत नाही. म्हणून चार्जरसाठी बी प्रकारचा आरसीसीबी (सपाट डीसी गळतीही ओळखणारा), किंवा ६ मिलिअँपिअर डीसी गळतीवर पुरवठा तोडणारे साधन आणि त्याच्यासोबत ए प्रकारचा, अशी व्यवस्था लागते. इतके महत्त्वाचे मुद्दे तोंडी सांगून प्रशिक्षक पुढे गेले. हाताने एकदाही करून पाहिले नाही. आमच्या पिढीच्या कारागिरांचा अनुभव नेमका इथेच अपुरा आहे, तेव्हा अनुभवींसाठीच्या अभ्यासक्रमाने इथे सर्वाधिक थांबायला हवे होते.

अंतिम परीक्षेत मी पहिल्या वेळी एका विभागात अनुत्तीर्ण झालो. जोडणी, पाइपांचे काम, आर्मर्ड केबलचा ग्लँड, दोष शोधणे, हे सगळे उत्तीर्ण झाले. चाचण्यांचा क्रमही बरोबर होता : आधी पुरवठा बंद ठेवून सलगता, मग इन्सुलेशन रोध, पोलॅरिटी आणि त्यानंतर पुरवठा देऊन लूप आणि आरसीसीबीची वेळ. पण इन्सुलेशनची चाचणी घेताना पेटीतील सर्ज संरक्षक (दाबातले अचानक झटके अडवणारे साधन) मी सोडवला नव्हता. तो जोडलेला असताना ५०० व्होल्ट दिले, तर आकडा चुकीचा खाली येतो आणि उपकरणालाही इजा होऊ शकते; त्यामुळे तो काढून ठेवावा, आणि काढणे शक्यच नसेल तर चाचणी २५० व्होल्टवर घ्यावी, असा नियम आहे. मी कमी आलेला आकडा तसाच लिहिला होता. मला अनुत्तीर्ण करणे योग्यच होते, आणि दुसऱ्या वेळी मी पूर्ण उत्तीर्ण झालो. तक्रार आहे ती याची, की फेरपरीक्षेचे शुल्क वेगळे पडते हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितले नव्हते, आणि नेमके काय चुकले याचा लेखी शेरा मागूनही मिळाला नाही. तो एका परीक्षकांनी आपुलकीने तोंडी सांगितला, म्हणून मला सुधारता आले.

माझ्या मते ज्याने किमान पाच-सहा वर्षे निरनिराळ्या तऱ्हेची कामे स्वतः केली आहेत, त्याने हा अभ्यासक्रम जरूर करावा. ज्याचा सगळा अनुभव एकाच प्रकारच्या कामात, उदाहरणार्थ केवळ पाइप आणि वायर ओढण्यात गेला आहे, त्याने आधी कोणाच्या तरी हाताखाली पेट्या आणि चाचण्यांचे काम वर्षभर करावे; तसे न करता आलेले आमच्या तुकडीतले दोघे चौथ्या आठवड्यात सोडून गेले आणि त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. मेगर आणि लूप टेस्टर वर्गात प्रथमच हातात घेण्याची वेळ येऊ देऊ नये. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी लेखी विचाराव्यात : हे प्रमाणपत्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि मोठ्या कंत्राटदारांना चालते का, कामावर येऊन निरीक्षण कोण करणार आणि किती वेळा, कार्यशाळेत एका प्रशिक्षकामागे किती जण असतील, फेरपरीक्षेचे शुल्क किती, आणि चुका लेखी कळवल्या जातील का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था पाहावी.

आणि जे आणखी वर्षभराने नाव घालणार असतील, त्यांनी उद्याच्या कामापासूनच भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढायला सुरुवात करावी, त्यात स्वतःही दिसावे, आणि चाचणीचे आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह चिकटवून ठेवावेत.